‘खरा दावेदार’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकन फुटबॉलवर मी मराठीत लिहितो. एनएफएलचा हंगाम निम्म्यावर आला की सगळीकडे एकच चर्चा असते, अमुक संघ खरोखरच ‘प्लेऑफ कंटेंडर’ आहे का? पाच सामने जिंकलेल्या आणि चार हरलेल्या एका संघाबद्दल लिहिताना मी शीर्षक दिलं, ‘ऐन हंगामात हा संघ प्लेऑफसाठी खरा दावेदार आहे का?’ वाचून एकाने विचारलं, ‘खरा दावेदार म्हणजे? खोटा वारस कुठे उपटलाय?’ माझं काय चुकलं? आणि ‘कंटेंडर की प्रिटेंडर’ याला मराठीत काय म्हणावं?”

तुमच्या त्या वाचकाचा कान तयार आहे, त्याला दुखवू नका. शीर्षकात तीन खडे आहेत. दोन बारीक आहेत, ते आधी वेचून टाकू.

‘ऐन हंगामात’ म्हणजे हंगाम अगदी भरात असताना. ऐन उन्हाळ्यात, ऐन तारुण्यात, ऐन वेळी. या सगळ्यात ‘ऐन’ नेमकेपणा आणि भर दाखवतो, अर्धं अंतर नाही. एनएफएलच्या बाबतीत ऐन हंगाम म्हणायचाच तर तो डिसेंबर. तुम्हाला म्हणायचं होतं ‘हंगाम मध्यावर आला असताना’. (2021पासून प्रत्येक संघाचे साखळी सामने 17 झाले, त्यामुळे बरोब्बर मध्य सापडतच नाही. आठ म्हणजे कमी, नऊ म्हणजे जास्त. ‘मध्यावर’ हा शब्द अशा वेळी सोयीचा, तो मोजून मागत नाही.)

दुसरा खडा ‘साठी’चा. मराठीत दावेदार कशा‘चा’ तरी असतो: गादीचा, जेतेपदाचा, जागेचा. ‘जेतेपदासाठी दावेदार’ आता इतकं छापून येतं की चूक म्हणायला जीभ धजत नाही, पण ‘जेतेपदाचा दावेदार’ म्हणून बघा, वाक्य लगेच सरळ बसतं. शिवाय प्लेऑफ म्हणजे बाद फेरी, आणि फेरीवर कुणी हक्क सांगत नाही. हक्क सांगतात तो तिथल्या जागेवर. म्हणून ‘बाद फेरीतल्या जागेचा दावेदार’. लांबट आहे, पण बरोबर आहे.

आता मोठा खडा, खुद्द ‘दावेदार’.

‘दावा’ अरबीतून आलेला आणि ‘दार’ फारसीतून. ठेकेदार, जमीनदार, वाटेदार यांतला ‘दार’ म्हणजे जवळ बाळगणारा. दावेदार म्हणजे दावा बाळगणारा. दावा लावायला कागद लागतो, नाहीतर निदान तोंड लागतं. अंगात ताकद असावीच अशी अट नाही. ज्याने दावा लावला तो निकाल लागेपर्यंत दावेदार, उद्या हरला तरी आज दावेदारच. ‘कंटेंडर’ म्हणजे तोडीस तोड झुंजणारा; हे बिरूद मात्र दुसऱ्यांनी द्यायचं असतं, तेही झुंज बघून. आपणच आपल्याला कंटेंडर म्हणवून घेणाऱ्या संघाला लोक हसतात.

त्यामुळे ‘दावेदार’च्या आधी ‘खरा’ लावला की तो ‘खरा’ जाऊन हक्काला चिकटतो. खरा दावेदार म्हणजे ज्याचा हक्क अस्सल आहे तो. तुमच्या वाचकाला वारस दिसला तो यामुळेच. तुम्हाला विचारायचं होतं, याच्यात धमक आहे का; मराठी वाक्याने विचारलं, याचे कागद खरे आहेत का.

(जाता जाता: ‘दावा’ला मराठीत वैराचाही अर्थ आहे. ‘जुना दावा साधला’ म्हणतो तेव्हा कोर्टकचेरीचा संबंध नसतो. तो अर्थ ‘दावेदार’मध्ये जिवंत असता तर कंटेंडरशी अधिक जुळला असता. पण आज दावेदार म्हटल्यावर वैरी कुणाला आठवत नाही.)

आता गंमत पाहा. कागद आणि धमक यांची अशी फारकत एनएफएलमध्ये नियमानेच होते. एकूण 32 संघ, दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत 16. (कॉन्फरन्सला ‘परिषद’ म्हणू नका, ठराव मांडले जातायत असं वाटतं.) प्रत्येक कॉन्फरन्समध्ये चार-चार संघांचे चार विभाग. 2020पासून प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ बाद फेरीत जातात. त्यांतल्या चार जागा विभागविजेत्यांच्या, मग त्यांची कामगिरी कशीही असो. उरलेल्या तीन वाइल्ड कार्डच्या, बाकीच्यांतल्या सरस संघांना. 2020च्या आधी वाइल्ड कार्ड दोनच होती, पण विभागविजेत्याचा मान तेव्हाही असाच होता.

त्यामुळे 2008 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स 11 सामने जिंकून आणि पाच हरून घरी बसले, आणि सॅन डिएगो चार्जर्स आठ जिंकून आठ हरून आत गेले. चार्जर्सचा विभाग दुबळा होता, एवढंच. आणखी नमुनेदार उदाहरण 2010चं. सिॲटल सीहॉक्सने सात जिंकले, नऊ हरले. म्हणजे जिंकले त्यापेक्षा हरले जास्त, तरी विभागात पहिले. त्यांना कंटेंडर कुणी म्हणत नव्हतं. पण मराठी अर्थाने ते अव्वल दावेदार होते: कागद पक्का, शिक्का बसलेला, हरकत घ्यायला जागा नाही. उलट 2008च्या पेट्रियट्सची धमक पुरेपूर होती, दावाच उरला नव्हता.

(सीहॉक्सनी पुढे गतविजेत्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना 41-36 असं हरवलं. चार्जर्सनीही 12 सामने जिंकलेल्या कोल्ट्सना जादा वेळेत घालवलं. तेव्हा कागदवाल्यांना फार हिणवण्यात अर्थ नाही.)

म्हणून माझा सल्ला असा: जिथे जागेचं, क्रमवारीचं, गणिताचं बोलणं आहे तिथे ‘दावेदार’ बिनधास्त वापरा. जिथे ताकदीचा प्रश्न आहे तिथे ‘दम’ आणा. दम म्हणजे मुळात श्वास. दमदार, दमछाक, दम धरणे, दम निघणे, अंगात दम असणे. एका शब्दाभोवती अख्खा आखाडा उभा आहे. ‘या दावेदारीत दम आहे का?’ असं विचारलं की दावा आणि धमक दोन्ही जागच्या जागी बसतात, आणि ‘खरा’ची गरजच उरत नाही.

एक प्रसंग सांगतो, त्याशिवाय हा फरक नीट कळणार नाही. 13 नोव्हेंबर 2022, बफलो. मिनेसोटा व्हायकिंग्ज 23-27 असे मागे. सामना संपायला दोनेक मिनिटं, चौथा म्हणजे शेवटचा डाऊन (चेंडू पुढे नेण्याचा प्रयत्न), आणि कापायचे अजून 18 यार्ड. लांब फेकलेला चेंडू बचावपटूच्या हाताशी पोचलेला असताना जस्टिन जेफरसनने हवेत उलटं होत एका हाताने तो ओढून घेतला. तिथून व्हायकिंग्ज पार गोलरेषेला भिडले आणि तिथेच, वीतभर अंतरावर, चौथ्या डाऊनला अडवले गेले. खेळ खलास. बफलोने आता चेंडू छातीशी धरून वेळ काढायचा, बस. पण स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे दिला गेला, आणि तो बफलोचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जॉश ॲलनच्या हातातून निसटला. व्हायकिंग्जच्या एरिक केंड्रिक्सने एंड झोनमध्येच, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, चेंडूवर झडप घातली. टचडाऊन, 30-27. बफलोने शेवटच्या क्षणी फील्ड गोल करून बरोबरी साधली, तरी जादा वेळेत व्हायकिंग्ज 33-30 असे जिंकले.

आता ते 8-1, म्हणजे आठ विजय, एक पराभव. मध्यावरचं प्रगतिपुस्तक यापेक्षा झळझळीत काय असणार? पुढच्याच रविवारी, स्वतःच्या मैदानावर, डॅलसने त्यांना 40-3 असं लोळवलं. साखळी संपली तेव्हा 13 विजय, चार पराभव. पण केलेले गुण 424 आणि दिलेले 427. तेरा सामने जिंकलेला संघ गुणांच्या बेरजेत तोट्यात! आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटलेले 11 सामने, आणि ते अकराच्या अकरा त्यांनी जिंकलेले. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना घरी पाठवलं. मराठीत यासाठी शब्द शोधावा लागत नाही. बडा घर, पोकळ वासा.

मात्र सगळे विजय नशिबाचे म्हणून त्यांना निकालात काढणंही अन्याय होईल. याच संघाने त्याच डिसेंबरमध्ये 0-33 अशा पिछाडीवरून कोल्ट्सना 39-36 हरवलं, लीगच्या इतिहासात यापेक्षा मोठी पिछाडी कुणी भरून काढलेली नाही. दम नसलेल्याला हे जमतं का? मी यावर आजही दोन्ही बाजूंनी भांडू शकतो.

आणि त्याच 13 नोव्हेंबरच्या रविवारी जॅक्सनविल जॅग्वार्स कॅन्सस सिटीकडून हरून 3-7 झाले होते. त्यांना तेव्हा दावेदार म्हटलं असतं तर वाचकांनी वेड्यात काढलं असतं. विभाग त्यांनीच जिंकला, आणि बाद फेरीत चार्जर्सविरुद्ध 0-27वरून 31-30 असा विजयही काढला.

या दोन टोकांच्या मधे तुमचा 5-4 संघ. मराठी क्रीडापानांनी या मधल्या अवस्थांसाठी शब्द घडवलेले आहेत, फक्त आपण ते एकमेकांत कालवतो. सगळ्यात खाली ‘आव्हान जिवंत’. हे म्हणजे जर-तरचं गणित: आपण सगळे जिंकलो तर, आणि ते दोघं हरले तर. त्याच्या वर ‘शर्यतीत’. अमेरिकन टीव्हीवर गुणतक्त्यात सात जागांच्या खाली ‘इन द हंट’ अशी ओळ देऊन आणखी चार-पाच संघांची चिन्हं लावतात. त्या ओळीला ‘शर्यतीत’ हा शब्द तंतोतंत लागू. त्याच्या वर ‘दावेदार’. आणि सगळ्यात वर ‘प्रबळ दावेदार’, म्हणजे ज्याच्यावर पैज लावायला लोक तयार होतात तो. तुमच्या कंटेंडरला ‘प्रबळ दावेदार’ म्हणायचा मोह टाळा. एका लेखात सहा-सहा प्रबळ दावेदार वाचले आहेत मी. सहाही प्रबळ असतील तर प्रबळ कुणीच नाही.

‘आव्हानवीर’ सुचवणारेही भेटतील. बुद्धिबळात हा शब्द शोभतो, कारण तिथे समोर गादीवर बसलेला एकच जगज्जेता असतो. इथे आव्हान द्यायचं कुणाला? सात जागांना?

राहिलं ‘कंटेंडर की प्रिटेंडर’. इंग्रजीत हे यमक कानाला गोड लागतं, आणि त्यामागे एक मजा लपली आहे. दोन्ही शब्दांचं मूळ एकच लॅटिन क्रियापद, ‘तेंदेरे’, म्हणजे ताणणे. एक एकमेकांविरुद्ध ताण लावणारा, दुसरा काहीतरी पुढे ताणून धरणारा. आपलं ‘ताणणे’ आणि संस्कृत ‘तन्’ हे याच धातूचे लांबचे भाऊबंद. त्याहून मजा अशी की ‘प्रिटेंडर’चा एक जुना अर्थ चक्क दावेदार! ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा जेम्स स्टुअर्ट ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि त्याचा मुलगा चार्ल्स ‘यंग प्रिटेंडर’ म्हणून ओळखला जाई. चार्ल्सचं बंड 1746 साली कलोडनच्या लढाईत मोडलं. ढोंगी हा अर्थ आज वर आला आहे, पण शब्दाच्या पोटात दावा आहे. म्हणजे तुम्ही ‘कंटेंडर’साठी जो मराठी शब्द काढलात, तो अर्थाने ‘प्रिटेंडर’च्या जास्त जवळ निघाला. तुमच्या वाचकाला खोटा वारस दिसला तो काही उगीच नाही.

‘तोतया’ मात्र इथे नको. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव सांगत जो उभा राहिला, तो तोतया. तो दुसरा कुणीतरी असल्याचं सोंग घेतो. 5-4 संघ कुणाचं सोंग घेत नाही; तो आपलीच उंची टाचा वर करून वाढवून दाखवतो. त्यासाठी मराठीत याहून नेमकी गोष्ट आहे, ‘उसनं अवसान’. आतापर्यंतचं वेळापत्रक सोपं होतं, दोन विजय शेवटच्या किकवर मिळाले, समोरच्याचा क्वार्टरबॅक जखमी होता. तेवढ्यावर आलेला जोर उसना की अंगचा, हेच तर मध्यावर कळत नसतं. कुस्तीच्या भाषेत अजून खडाखडी चालू असते. हात लागलेत, डाव पडलेला नाही.

तेव्हा शीर्षक बदला. बातमीवजा हवं असेल तर: ‘निम्मा हंगाम सरला, बाद फेरीच्या जागेवर दावा, पण दम किती?’ गप्पांच्या सुरात हवं असेल तर: ‘5-4: अंगचा जोर की उसनं अवसान?’ मला दुसरं आवडतं. संघ पुढचा सामना हरला तर पहिलं जुनं होईल, दुसरं 5-5लाही चालेल.