कोल्हापुरातून एका दिवसात खिद्रापूर, कुरुंदवाड आणि नृसिंहवाडी नीट बघून होईल का?

होईल. फक्त बहुतेक लोक ज्या क्रमाने जातात तो उलटा करा.

तुमचा बेत असा दिसतोय: शनिवारी रात्री पुण्याहून येऊन कोल्हापुरात मुक्काम, रविवारचा अख्खा दिवस हातात, स्वतःची गाडी, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि शाळेतली दोन मुलं. आईंना वाडीच्या, म्हणजे नृसिंहवाडीच्या, दत्ताचं दर्शन हवंय, तुम्हाला नदीकाठचं एखादं जुनं, निवांत गाव बघायचंय आणि फोटो बघून घरच्यांनी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिरही यादीत घातलंय.

नेहमी काय होतं ते आधी सांगतो. लोक आरामात आठ-साडेआठला निघतात, आधी वाडी गाठतात, दर्शनाच्या रांगेत उभे राहतात, दुपारच्या महापूजेच्या गर्दीत अडकतात, मग बासुंदीसकट भरपेट जेवतात आणि पेंगत पेंगत भर उन्हात खिद्रापूरला पोचतात. तिथं अर्धा तास फोटो काढायचे आणि 'झालं बघून' म्हणून परत फिरायचं. कुरुंदवाड तर गाडीच्या काचेतूनच मागे जातं. म्हणून म्हणतो, सगळ्यात लांबचं खिद्रापूर सकाळी उरका, येताना कुरुंदवाडला थांबा आणि दुपारनंतरचा वेळ वाडीला द्या. म्हणजे कृष्णेच्या खालच्या अंगाला जाऊन प्रवाहाच्या उलट वर यायचं.

सकाळी साडेसहाला कोल्हापूर सोडा. मिसळीचा मोह आवरा. कोल्हापुरात ती दुसऱ्या दिवशीही मिळते. इचलकरंजीमार्गे कुरुंदवाड आणि पुढे सैनिक टाकळीवरून खिद्रापूर, साधारण साठ किलोमीटर. इचलकरंजीपलीकडे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस आहे. सैनिक टाकळी हे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणारं गाव, नावातच ते आलंय. याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या होत्या, तेव्हा पेपरात वाचलं असेल. खिद्रापूर तालुक्याच्या पार टोकाला आहे, नदीपलीकडे कर्नाटक. दुकानदार तुमच्याशी मराठीत आणि मागच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलतो, यात इथं कुणाला नवल वाटत नाही.

कोपेश्वराचं मंदिर बाहेरून मोठं वाटत नाही. दारातून आत गेलात की पहिला येतो तो स्वर्गमंडप, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढा. गोलाकार मंडप, ४८ खांब आणि छताला मधोमध वर्तुळाकार उघडा भाग. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच मापाची अखंड रंगशिळा, म्हणजे एकाच दगडाची गोल शिळा, आणि तिच्याभोवती १२ खांबांचं कडं. मुलांना खांब मोजायला लावा, पण त्याहून चांगला उद्योग म्हणजे एकाच खांबाचे आकार खालून वर कसे बदलतात ते बघायला सांगा: चौकोनी, अष्टकोनी, गोल. दगड आपला नेहमीचा काळा बसाल्ट, पण कातल्यासारखा गुळगुळीत केलेला. मान वर केलीत तर उघड्या भागाच्या कडेला आपापल्या वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल, म्हणजे आठ दिशांचे रक्षक देव, दिसतील.

कार्तिक पौर्णिमेच्या रात्री इथं गर्दी का लोटते, तेही या छतामुळेच. त्या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि चांदणं थेट रंगशिळेवर उतरतं. लोक याला चमत्कार म्हणतात. मला तरी, आकाशाचा असा हिशेब ठेवणारे कारागीर इथं होते याचंच जास्त अप्रूप वाटतं. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्यही आपल्याकडे भर दुपारी बरोबर माथ्यावर असतो, तेव्हा उन्हाचं वर्तुळ शिळेवर तसंच पडतं. फक्त त्या उन्हात अनवाणी उभं राहवत नाही. तुम्ही हिवाळ्यात सकाळी जाल तेव्हा ऊन तिरपं येईल आणि एका बाजूचे खांब उजळतील. फोटोला तेच बरं.

स्वर्गमंडपातून सभामंडपात शिरलात की अंधार. लगेच मोबाईलचा टॉर्च लावू नका, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की खांबांवरचं कोरीवकाम हळूहळू दिसायला लागतं. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. दुसरा म्हणजे विष्णू. शंकराचं देऊळ असून समोर नंदी मात्र नाही. गावातलं कुणीही तुम्हाला त्याचं कारण सांगेल: दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, तिकडेच तिने देह ठेवला, शंकर कोपले, आणि त्यांची समजूत काढायला विष्णू इथं येऊन बसले. नंदी राहिला तो नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला. मुलांना ही गोष्ट मंदिरात शिरण्याआधी सांगितलीत तर ती नंदी शोधत फिरतील.

मग बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, ही बरेच जण गाळतात. खालच्या थरात हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी. ९२ हत्ती सांगतात. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि वरच्या मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत, तरी वरच्या सुरसुंदरींचं उभं राहणं बघत राहावं असं आहे. शिलाहार राजांच्या काळातलं हे काम. दक्षिणेकडच्या दाराशी देवगिरीच्या यादव सिंघणाचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा देवनागरी शिलालेख आहे. शिलाहार जाऊन यादव आले, त्याची खूणच तिथं दगडात दिसते. गावात जुनं जैन मंदिरही आहे, तेही बघून घ्या. एकूण दोन तास धरा. आई-बाबांसाठी जाड मोजे जवळ ठेवा, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि सकाळी दगड गार असतो, दुपारी उलटं. नाश्ता मात्र सोबत न्या किंवा इचलकरंजीत करा, खिद्रापुरात चहा-बिस्किटांपलीकडे फार काही मिळेल असं धरू नका.

अकराच्या सुमारास कुरुंदवाड. तुमच्या प्रश्नातलं 'नदीकाठचं जुनं निवांत गाव' खरं तर हेच. हे पटवर्धनांचं संस्थान. सांगली, मिरज, जमखंडी यांच्याच भाऊबंदांतलं, पुढे १८५४ मध्ये त्याच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. एवढ्याशा गावाला राजधानीचा थाट कसा होता हे बघायचं तर गाडी बाजाराच्या बाहेर लावा आणि घाटापर्यंत चालत जा. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत घातलीत तर मागे घेताना घाम निघेल.

घाट काळ्या दगडाचा, ऐसपैस आणि बहुतेक वेळा रिकामा. नदीपलीकडे वाडीला माणसांची रीघ लागलेली असते आणि इथं एखादी बाई धुणं धूत असते, दोन पोरं गळ टाकून बसलेली असतात, बस्स. आई-बाबांना सावलीतल्या पायरीवर बसवा. घाटावर सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात. औरंगजेबाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणल्याची गोष्ट ज्यांच्या नावावर सांगतात, तेच संताजी. त्यांचा खून झाला तो शिखर शिंगणापूरच्या बाजूला, आणि तिकडे माण तालुक्यात कारखेललाही त्यांची समाधी सांगितली जाते. त्यामुळे इतिहासाची आवड असलेले लोक या विषयावर तासभर वाद घालू शकतात. तुम्ही नमस्कार करून पुढे व्हा.

तुमची सहल गणपतीच्या दिवसांत असेल तर कुरुंदवाडला थोडा जास्त वेळ ठेवा. इथल्या पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. मोहरम आणि गणपती एकाच वेळी आले, तेव्हा मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच छताखाली होते. गावातल्या लोकांना याचं कौतुक सांगायला गेलं तर ते 'त्यात काय एवढं' अशा चेहऱ्याने बघतात.

आता वाडी. पूल ओलांडला की आलीच. तुम्ही कोल्हापुरात जी पंचगंगा बघता, प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन झालेली, ती इथं कृष्णेला मिळते आणि संपते. उन्हाळ्यात आलात तर तिच्यावर केंदाळाचा हिरवा गालिचा दिसेल आणि कोल्हापूर-इचलकरंजीने नदीचं काय केलंय तेही कळेल. संगमाचं पाणी बघून भक्तिभाव दाटून येण्याआधी मला तरी दर वेळी तेच आठवतं.

एकच्या सुमारास पोचलात की महापूजेची गर्दी ओसरायला लागलेली असते. आधी जेवण. देवस्थानचा महाप्रसाद असतो, नाहीतर साधी शाकाहारी खानावळ बघा. कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी दिसली तर दुसरं काही मागवू नका. तांबडा-पांढरा रात्री कोल्हापुरात. जेवणानंतर आई-बाबांना एखाद्या भक्तनिवासात तासभर पाठ टेकायची सोय होते का ते विचारा. सकाळी लवकर उठलेली म्हातारी माणसं याच टप्प्यावर थकतात आणि उरलेला दिवस सगळ्यांनाच जड जातो.

साडेतीनच्या पुढे दर्शन. दत्ताचे अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचा इथं १२ वर्षं मुक्काम होता असं मानतात आणि औदुंबराखालच्या पादुका हाच इथला देव. देवळाला नेहमीसारखं शिखर नाही, त्याचं कारण म्हणून विजापूरच्या आदिलशहाने ते बांधून दिल्याची गोष्ट सांगतात. देऊळ अगदी नदीच्या पातळीला, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईंचे गुडघे दुखत असतील तर उतरताना हात धरा, ओल्या पायऱ्या निसरड्या असतात. पावसाळ्यात कृष्णा चढते तेव्हा पाणी उत्तरेकडून आत शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं, आणि त्या वाहत्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पुराला घाबरून देव सोडून पळण्याऐवजी पुरात देवासकट न्हाणारं गाव दुसरं कुठलं असेल असं वाटत नाही.

संध्याकाळच्या आरतीला वेळ असेल तेवढ्यात पलीकडचं औरवाड करा. जुनं नाव अमरापूर, तिथं अमरेश्वराचं देऊळ आहे. गुरुचरित्रातली ती घेवड्याच्या वेलाची गोष्ट आईंना पाठ असेल: गरीब ब्राह्मणाच्या घरी स्वामी भिक्षेला येतात, जाताना दारातला वेल उपटून टाकतात, बायको रडत बसते आणि मुळाशी मोहरांचा हंडा सापडतो. ती इथलीच. मुलांना नावेत बसायचं असेल तर बसवा, पण लाईफ जॅकेट असेल तरच, आणि नावाडी 'अजून चार जण येऊ द्या' म्हणाला तर उतरून या.

खरेदीत कवठाची बर्फी घ्या, ती दुसरीकडे अशी मिळत नाही. पेढे घ्याच. बासुंदी मात्र तिथंच बसून खा. पुण्यापर्यंत नेऊ नका.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. तुम्ही रविवार निवडलात ते बरंच झालं, कारण वाडीला शनिवार, गुरुवार आणि पौर्णिमेला मुंगी शिरायला जागा नसते. रविवारी पौर्णिमा येत असेल तर सरळ पुढचा रविवार धरा. दत्तजयंती आणि गुरुद्वादशीही तशाच. दुसरं म्हणजे जुलै-ऑगस्ट टाळा. यायचंच असेल तर कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आदल्या दिवशी बघा, ती रोज बातम्यांत येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी ३९च्या आसपास गेलं की शिरोळ तालुक्यातला बेत रद्द समजा, कारण कोल्हापुरातलं पाणी तुमच्या मागोमाग तिकडेच येतं आणि वाडी-कुरुंदवाडकडचे रस्ते, औरवाडचा जुना पूल पाण्याखाली जायला लागतात. २०१९ ला हा सगळा तालुका पाण्यात होता.

परतताना इचलकरंजीचा रस्ता नको, शिरोळ-जयसिंगपूरवरून या. रस्ता थोडा लांबचा असला तरी मोठा आणि उजेडाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम, तेव्हा अंधारात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या एकदम पुढ्यात येतात. आरती आटोपली की साडेसातपर्यंत वाडी सोडा आणि जयसिंगपूर येईपर्यंत गाडी पन्नासच्या वर नेऊ नका.