पशुवैद्यकाला विचारा : कुत्रीची वार आणि मूळपेशी

प्रश्न : आमच्याकडे एका बुलडॉग कुत्रीचं सिझेरियन ठरलं आहे. मुंबईच्या एका प्रयोगशाळेला स्टेम सेलसाठी, म्हणजे मूळपेशींसाठी, तिची वार आणि नाळ हवी आहे. डॉक्टर साहेब, माणूस न्यायला येईपर्यंत ती कृत्रिम रेतनाच्या नायट्रोजन कंटेनरमध्ये ठेवली तर चालेल का?
– पशुधन पर्यवेक्षक, चाळीसगाव

उत्तर : नाही. वारीचा तुकडा उणे 196 अंशांत थेट बुडवला की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. वीर्याच्या कांड्या टिकतात त्या त्यातल्या ग्लिसरॉलमुळे आणि नेमक्या पद्धतीने गोठवल्यामुळे. मूळपेशीही गोठवतात, पण त्या वेगळ्या काढून, वाढवून, 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घालून, मिनिटाला साधारण 1 अंश या गतीने उणे 80 पर्यंत उतरवून मगच नायट्रोजनमध्ये जातात. तो प्रयोगशाळेचा भाग. तुम्ही वार फक्त गार आणि निर्जंतुक ठेवायची.

50 मिलीच्या निर्जंतुक नळ्या आधीच मागवून ठेवा. प्रत्येकीत 30 मिली फॉस्फेट बफर सलाईन (पेशींना मानवणारं मिठाचं द्रावण), आणि त्यात दर मिलीला पेनिसिलिन 100 युनिट, स्ट्रेप्टोमायसिन 100 मायक्रोग्रॅम, ॲम्फोटेरिसिन-बी 2.5 मायक्रोग्रॅम. हे द्रावण प्रयोगशाळेकडूनच घ्या, दवाखान्यातल्या कुप्यांतून अंदाजपंचे बनवू नका. आधी पिल्लू, मग वार. पिल्लाचा श्वास सुरू झाला की नाळ बांधून कापा. वार गर्भाशयाला घट्ट चिकटली असेल तर ओढायची नाही, रक्तस्राव होतो. तिच्या कडेचा हिरवा-काळा पट्टा पाहून सडल्याचा संशय घेऊ नका, कुत्रीच्या वारीला तो असतोच. मात्र त्यात साकळलेलं रक्त भरपूर असतं, म्हणून तो कापून टाका. सलाईनने दोन-तीनदा धुवा.

घोळ होतो तो इथेच. नळाच्या पाण्याने पेशी फुगून फुटतात, बिटाडीन आणि स्पिरिटने मरतात. सवयीने कुणी फॉर्मलीनच्या बाटलीत तुकडा टाकला तर तो फक्त काचपट्टीवर पाहण्यापुरता उरतो. त्या बाटल्या टेबलावर नकोतच.

एका पिल्लाची वार एका नळीत. वर पिल्लाचा क्रमांक, वेळ आणि नर की मादी ते लिहा. वारीला आईचंही ऊतक चिकटून येतं. पिल्लू नर असेल तर वाय गुणसूत्राच्या चाचणीत वाढलेल्या पेशी पिल्लाच्या की आईच्या हे कळतं.

नळ्या न्यायच्या पेटीत 2 ते 8 अंश हवेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, म्हणून जेल पॅक जास्त घ्या. पण पॅक आणि नळी यांच्यामध्ये जाड टॉवेल ठेवा, नाहीतर बर्फाला टेकलेली बाजू गोठते. 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत काम सुरू झालं पाहिजे, तेव्हा रात्रीची गाडी बरी.

आणि हे सगळं करण्याआधी कुत्रीची ब्रुसेला कॅनिसची तपासणी. हा जंतू वारीत आणि स्रावात भरपूर असतो, माणसालाही लागतो. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : कुत्री घरीच व्याली तर वार जपून ठेवावी का?
– अमळनेर

उत्तर : नको. योनिमार्गातले आणि जमिनीवरचे जंतू लागलेले असतात, पेशींआधी तेच वाढतात. वारी मोजा मात्र. पिल्लागणिक एक पडली पाहिजे. कुत्रीने एखाद-दुसरी खाल्ली तर बिघडत नाही, सगळ्या खाल्ल्या तर उलट्या-जुलाब होतात. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर 9 वर्षांची, वजन 42 किलो. मागच्या पायाने लंगडते. नाळेच्या स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं आहे. घ्यावं का?
– भुसावळ

उत्तर : आधी एक्स-रे काढा आणि गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तपासून घ्या. जड लॅब्रॅडॉरमध्ये तो तुटलेला असणं नेहमीचं, आणि तुटलेला लिगामेंट इंजेक्शनने जुळत नाही.

संधिवातच निघाला तर या उपचाराला आधार आहे. युरोपात घोड्याच्या नाळेतल्या पेशींचं औषध कुत्र्यांच्या कोपर आणि खुब्याच्या संधिवातासाठी 2022 मध्ये मंजूर झालं. त्यात सांध्यात 75 लाख पेशी देतात. या पेशी सांध्यातली झिजलेली कूर्चा नव्याने बनवत नाहीत, दाह शमवणारी द्रव्यं सोडतात. म्हणून गुण येतो तो दुखणं कमी होण्याचा. इंजेक्शननंतर सांधा एक-दोन दिवस जास्त दुखू शकतो.

देणाऱ्याकडून कागद मागा : दात्याच्या तपासण्या, पेशींची कितवी पिढी, वितळवल्यावर जिवंत पेशी किती टक्के, जंतू आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारा सूक्ष्म जंतू) यांची चाचणी. कागद नसेल तर घेऊ नका. कुत्रीला कुठे गाठ किंवा कर्करोग असेल तरी नको.

आणि 42 किलो फार झालं. 6 टक्के, म्हणजे अडीच किलो उतरलं तरी चालीत फरक दिसतो. तूप लावलेली कळण्याची भाकरी बंद करा. माणसांच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या तर अजिबात नकोत; पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

प्रश्न : डिस्टेंपर या विषाणूच्या आजारानंतर कुत्र्याला झटके येतात. मूळपेशींनी थांबतील अशी हमी मिळाली आहे.
– शहादा

उत्तर : हमी कुणालाच देता येणार नाही. झटक्यांचं औषध चालू ठेवा. शिरेतून दिलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत फारशा पोचत नाहीत. घरात दुसरं पिल्लू असेल तर पैसे त्याच्या लसीवर घाला : 6 ते 8 आठवड्यांना पहिली, मग 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी.