गाडीची पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक दिशेला जुळवणं) खरंच लागतं का, की उगाच बिल वाढवतात?

आतल्या आरशामागे काचेला कॅमेरा असेल, तर हो, लागतंच. लेनचे पट्टे आणि पुढची गाडी हाच कॅमेरा पाहतो. त्याचा कोन नुसता 1 अंशाने हलला तरी 50 मीटरवर जवळपास 87 सेंटिमीटरचा फरक पडतो. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्याच समोर आहे असं समजून गाडी आपोआप अचानक ब्रेक लावू शकते. डॅशबोर्डवर दिवा पेटला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. कॅमेरा चालू असतो, फक्त तिरका बघतो. कंपनीने दिलेल्या पद्धतीप्रमाणे हे काम सपाट जमिनीवर ठरावीक अंतरावर टार्गेट बोर्ड (कॅमेऱ्याने ओळखायच्या खुणांचा फलक) लावून होतं, किंवा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) जोडून ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून. काही मॉडेल्सना दोन्ही लागतं. त्याआधी टायरमधली हवा बरोबर करा, डिकीतलं सामान काढा. व्हील अलाइनमेंट बाकी असेल तर ती आधी, नाहीतर कॅलिब्रेशनचे पैसे पुन्हा मोजावे लागतील. काचेवर फक्त पावसाचा सेन्सर असेल तर मात्र बहुतेक गाड्यांत हा खर्च नाही; त्याच्या आणि काचेच्या मधला जेल पॅड हवेचे बुडबुडे न राहता बसला की झालं.