अलेक्झांडर मालिनोव यांची राजकीय कारकीर्द कशी होती?

मालिनोव म्हणजे बल्गेरियाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. पेशाने वकील, शिक्षण कीव्हचं. 1903 मध्ये पक्षाचे आधीचे नेते कारावेलोव वारले आणि पक्षाची धुरा यांच्याकडे आली.

1908 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी बल्गेरियाने ऑटोमन साम्राज्यापासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं. तार्नोवो शहरातल्या चाळीस हुतात्म्यांच्या चर्चमध्ये बल्गेरियाचा शासक फर्डिनांड याने जाहीरनामा वाचला. मग त्सारेव्हेत्सच्या टेकडीवर जमलेल्या लोकांपुढे मालिनोव यांनी तो पुन्हा वाचला.

मला मात्र ते 1915 साठी जास्त मोठे वाटतात. जर्मनीच्या बाजूने पहिल्या महायुद्धात उतरू नका, असं त्यांनी राजाला तोंडावर सांगितलं. ऐकलं कोणी नाही. 1918 मध्ये हरत चाललेलं युद्ध त्यांच्याच गळ्यात पडलं, शस्त्रसंधीही त्यांच्याच सरकारला करावी लागली. 1931 मध्ये ते पुन्हा काही महिने पंतप्रधान होते.