कर्नाटकातील खानापुरात (बेळगाव जिल्हा) विधानसभेला मत न देता घरी बसल्यास निषेध नोंदला जातो का?

नाही; घरी बसलेल्याची गणना केवळ गैरहजरांत होते, मग तो रुसलेला असो वा पुण्याला कामावर गेलेला. 2013 मध्ये दोन आमदार निवडून आणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती (मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी संघटना) 2018 मध्ये फुटीमुळे एकही जागा राखू शकली नाही, तेव्हा मराठी मतदाराचा उबग मला अगदी रास्त वाटतो. मात्र तो मोजला जावा असे वाटत असेल, तर यंत्रावरील शेवटचे, काळी फुली असलेल्या मतपत्रिकेच्या चिन्हाचे ‘नोटा’ (यांपैकी कोणीही नाही) बटण दाबावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने मिळालेला हा पर्याय निकालपत्रात आकड्यानिशी दिसतो. अर्थात ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी फेरनिवडणूक होत नाही, महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांचा तसा नियम इकडे लागू नाही.