लंडनला गाणं घेऊन येताना

तू लिहिलंयस, की संगीत विशारद झालीस, खारघरला शिकवण्या चालू आहेत आणि आता लंडनला एम.ए.ला येऊन ‘शिकता शिकता कार्यक्रम करून खर्च भागवीन’. आधी याच वाक्याबद्दल बोलते, कारण ठाण्याच्या नौपाड्यातून निघताना माझंही हेच गणित होतं.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर मानधन घेऊन गाता येत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. पण व्यावसायिक कलाकार म्हणून काम आणि स्वतंत्र व्यवसाय या दोन्हींना मनाई आहे. घरी चार मुलांना सुरांचे अलंकार शिकवून फी घेणं हाही व्यवसायच. कुणी प्रेमानं म्हणेल, “अगं, पाकिटात देतो, कोण बघतंय?” घेऊ नकोस. त्या वर्षी दुकानात किंवा कॅफेत काम करावं लागेल, म्हणून रियाजाची वेळ आधी ठरव. मी ठरवली नव्हती. आठ महिने खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, लावला नाही, आणि नंतर आवाज जागेवर आणायला त्याहून जास्त दिवस गेले.

शिक्षण संपून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला, की शिकवण्या आणि कार्यक्रम दोन्ही करता येतात. पुढची वाट ग्लोबल टॅलेंट व्हिसाची, म्हणजे आपल्या कलेतलं काम दाखवून मिळणाऱ्या व्हिसाची. संगीतातले अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंड तपासते. ३ शिफारसपत्रं लागतात, त्यातलं एक ब्रिटनमधल्या कलासंस्थेचं. शिवाय गेल्या ५ वर्षांतल्या कामाचे जास्तीत जास्त १० पुरावे. आपली मुलं इथेच अडकतात. गायलेलं भरपूर असतं, कागद एकही नसतो.

तो कागद तिकडेच, भारतात असतानाच तयार होतो गं. वाशीला भावे नाट्यगृहात गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसलीस आणि निवेदकानं नाव घेतलं, एवढ्यानं भागत नाही. गडकरी रंगायतनला दिवाळी पहाट केलीस तर छापील पत्रिका, आयोजकांचं पत्र आणि वर्तमानपत्रात आलेलं परीक्षण, सगळं तारखेसकट जपून ठेव. ठाणे महापालिकेच्या पं. राम मराठे स्मृती समारोहात गायला मिळालं, तर माझ्या मते तो एक कागद सोसायट्यांच्या दहा गणेशोत्सवांपेक्षा जड. ब्रिटनमधल्या पत्रासाठी ओळखी पहिल्याच वर्षात कर. वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात जाऊन बस, मैफली ऐक, साथीदारांशी बोल.

आणखी एक. नाट्यगीतं आणि अभंग तुझे पक्के असतील, पण इथे समोर गुजराती, पंजाबी, बंगाली श्रोतेही असतात. निघायच्या आधी गुरूंकडून दोन-चार ठुमऱ्या आणि हिंदी भजनं नीट बसवून घे. इथे येऊन रेकॉर्डिंगवरून उचललेली ठुमरी जाणकाराला लगेच कळते.

आत्तापर्यंतच्या पत्रिकांचे फोटो पाठव. कुठली अर्जात चालेल आणि कुठली नाही, ते बघून सांगते.