वाचकांचे प्रश्न : पुरानंतर घरोघरी फिरताना

प्रश्न : आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेकाठी. साधारण ६४० घरं. पूर ओसरला की सखल गल्ल्यांत आजारपण वाढतं, असं सगळेच म्हणतात. कॉलेजच्या मुलांना घेऊन ते मोजायचं आहे. किती घरं घ्यावीत? सकाळी दूध संस्थेत येणाऱ्यांनाच विचारलं तर चालेल का?
– एक शिक्षिका

उत्तर : दूध संस्थेत नको. तिथे जनावरं असलेल्या घरातलाच माणूस येतो, तोही घाईत. शिवाय पोराला जुलाब कधी लागले, हे घरातल्या बाईला जास्त नेमकं ठाऊक असतं.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरून, करा आणि आशाताईंच्या नोंदवहीशी ताडून पाहा. नमुना ८ मालकाच्या नावाने असतो. भाडेकरू आणि वीटभट्टीवरची खोपटी त्यात सापडत नाहीत. एका घरात तीन चुली असतील तर ती तीन कुटुंबं. तिन्ही घ्या, सोयीची एक निवडू नका.

आता आकडा. पाणी शिरलेली आणि न शिरलेली घरं अशा दोन याद्या करा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, पण कुठलं घर किती बुडालं ते त्यावरून कळत नाही. भिंतीवरच्या गाळाच्या रेषेला टेप लावा, उंबऱ्यापासून किती इंच ते लिहा. दोन्हींकडून शंभर-शंभर कुटुंबं घेतलीत, तर एकीकडे २० टक्के घरांत आजार आणि दुसरीकडे ४० टक्के, एवढा फरक पकडता येतो. २० आणि २५ मधला फरक पकडायला दोन्हीकडे हजारावर कुटुंबं लागतील. तेवढं तुमचं गावच नाही. तेव्हा बारीक फरकावरून बातमी करू नका.

पहिलं घर चिठ्ठी टाकून ठरवा, पुढे ठरावीक अंतराने. कुलूप दिसलं की मुलं शेजारच्या घरात शिरतात, आणि सर्वेक्षण बिघडतं ते इथेच. कुलूप कुणाचं? मजुरीला गेलेल्यांचं, नाहीतर आजारी माणसाला दवाखान्यात नेलेल्यांचं. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, एकदा संध्याकाळी सातनंतर. तरीही नाही भेटलं तर ‘बंद’ लिहा आणि अहवालात अशी घरं किती ते सांगा.

एकच फेरी पुरणार नाही. जुलाब पाणी ओसरल्यावर काही दिवसांतच दिसतात. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्यानेही येतो. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात जा, दोन्ही वेळा मागच्या १५ दिवसांचंच विचारा. तारीख आठवत नसेल तर ‘नागपंचमीच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की बरोबर सांगतात. ‘पुराच्या पाण्याने ताप आला का?’ हा प्रश्न मात्र नको, त्यात उत्तर तुम्हीच भरवताय. आधी ताप, मग दिवस, आणि पाण्यात उतरल्याचं शेवटी.

फाइल आणि टेप बघून ‘पंचनाम्याचं काय झालं?’ हे येणारच. मदतीच्या आशेने आजार फुगवून सांगितले जातात. म्हणून दारातच, चहा यायच्या आधी, सांगा : हा पंचनामा नाही, यातून पैसे मिळणार नाहीत. तलाठी किंवा सरपंचांना बरोबर नेऊ नका.

प्रश्न : फॉर्मवर नाव आणि आधार क्रमांक घ्यावा का?

उत्तर : आधार अजिबात नको. फॉर्मवर फक्त घराचा सांकेतिक क्रमांक. दुसऱ्या फेरीसाठी नावांची वेगळी वही कुलपात ठेवा आणि काम संपल्यावर फाडून टाका.